डोंगलला आधी पाच व्होल्ट द्या, मग अँटेनाला शिव्या द्या

मे महिन्यातली रात्र, साडेआठ वाजले असतील. नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरमधल्या आमच्या गच्चीवर लॅपटॉपला डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, लावून मी ७ मेगाहर्ट्झचा हौशी रेडिओवाल्यांचा पट्टा चाळत होते आणि अख्ख्या गल्लीची लाइन गेली. खाली सासूबाई करवादल्या, आणि इकडे वॉटरफॉलवरचा, म्हणजे सिग्नल रंगांत दाखवणाऱ्या पडद्यावरच्या चित्रातला, पिवळा चिखल एका क्षणात निळा झाला. कूलर, पंखे, शेजाऱ्यांचे एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सगळं गप्प. नॉइजची, म्हणजे नको असलेल्या विद्युत खरखरीची, पातळी १८ डेसिबलने खाली आली. जिथे आधी नुसती खरखर होती तिथे कोणीतरी मोर्सवर सावकाश आपलं कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) पाठवत होतं. मग लाइन आली, पोरांनी ओरडून गल्ली डोक्यावर घेतली आणि माझा मोर्सवाला पुन्हा चिखलात बुडाला.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये काम करते. बिघडलेले पॉवर सप्लाय उघडणं हा माझा रोजचा धंदा, म्हणून मुलं आपापले असेच आरटीएल-एसडीआर (संगणकावर चालणाऱ्या रेडिओचे) डोंगल घेऊन माझ्याकडे येतात. "मॅडम, फिल्टर कोणता घेऊ? एलएनए (सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर) लावू का?" मी विचारते, डोंगलच्या टोकाशी व्होल्टेज मोजलंस का? "यूएसबी आहे ना मॅडम, पाचच असेल."

नसतं ना बाप्पा.

पहिलं काम मल्टिमीटरचं

डोंगल चालू असताना साधारण ३०० मिलिअँपिअर खातो. आता गच्चीवरच्या अँटेनापर्यंत पोचायला तुम्ही तीन मीटरची स्वस्त यूएसबी एक्स्टेन्शन घेतली आहे. तिच्या आतल्या विजेच्या तारा बहुधा २८ गेजच्या (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक), म्हणजे मीटरला ०.२१ ओहम. जायची तीन मीटर आणि यायची तीन मीटर मिळून सव्वा ओहमच्या वर. ३०० मिलिअँपिअरला ०.३८ व्होल्ट तारेतच जिरले. लॅपटॉपने प्रामाणिकपणे ५.० दिले तरी डोंगलला मिळतात ४.६२, आणि पिनांचा सैलपणा यात धरलेलाच नाही.

डोंगलच्या आत ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज एकसारखं ठेवणारा भाग, असतो. बऱ्याच स्वस्त डोंगलांत तो १११७ जातीचा. त्याला काम करायला ३.३ पेक्षा सव्वा-एक व्होल्ट जास्त लागतो, म्हणजे साडेचारच्या खाली गेलात की तो नुसता दरवाजा उघडून बसलेला चौकीदार. सप्लायवरची सगळी घाण थेट आत. म्हणून कमी व्होल्टेज आणि नॉइज ही दोन वेगळी दुखणी नाहीत. मध्येच डोंगल गायब होणं, सिग्नलचे सँपल (नमुने) गळणं, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या पडद्यावर विजेचं चिन्ह येणं, हे त्याच दुखण्याचे पुढचे टप्पे. (पायचं ते चिन्ह ४.६३ व्होल्टच्या आसपास उगवतं. त्याकडे दुर्लक्ष करू नका.)

मोजायचं ते डोंगल सिग्नल घेत असताना. नुसता खोचून ठेवलेला डोंगल कमी करंट घेतो आणि आकडा गोड दिसतो. एक्स्टेन्शनच्या डोंगलकडच्या टोकाला वरचं आवरण थोडं सोलून लाल आणि काळ्या तारेवर मल्टिमीटरच्या पिना टेकवा. ४.७५ च्या खाली दिसलं तर फिल्टरचा विषय सोडा आणि केबल बदला. २४ गेजच्या तारेची केबल घेतली तर तेवढ्याच अंतराला ०.१५ व्होल्टच जातात. त्याहून बरं म्हणजे डोंगल लॅपटॉपजवळ ठेवा आणि लांबी चांगल्या कोॲक्सची, म्हणजे अँटेनाच्या केबलची, वाढवा.

घाण येते कुठून

आधी ऑटोमॅटिक गेन (सिग्नल आपोआप कमीजास्त वाढवणं) बंद करा आणि गेन एका जागी ठेवा. मी २९.७ डेसिबलवर ठेवते. गेन हलला की सगळी तुलना फुकट.

मग अँटेना काढा आणि तिच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (रेझिस्टर) लावा. पडद्यावरच्या नॉइजच्या खुंट्या तशाच राहिल्या तर घाण यूएसबीकडून किंवा डोंगलच्या आतूनच येते. नाहीशा झाल्या तर लोक खूश होऊन "अँटेनातून येतंय" म्हणतात, आणि इथेच फसतात. कारण तिसरी वाट आहे: चार्जरची घाण यूएसबीच्या शिल्डवरून, डोंगलच्या डबीवरून, कोॲक्सच्या बाहेरच्या जाळीवरून चालत अँटेनापर्यंत जाते आणि मग रीतसर पाहुण्यासारखी पुढच्या दाराने आत येते. अँटेना काढली की तीही गायब होते. म्हणून अँटेना परत लावून लॅपटॉपचा चार्जर काढा. पातळी खाली आली तर गुन्हेगार सापडला. नाही आली तर लॅपटॉप बॅटरीवरच ठेवून घराचा मेन स्विच पाडा. घरच्यांना आधी सांगून पाडा. मी एकदा न सांगता पाडला तेव्हा खाली इडलीच्या पिठाचा मिक्सर फिरत होता. मेन पाडूनही चिखल तसाच असेल तर तो बहुधा शेजाऱ्यांचा आहे. त्यावर अँटेनाची जागा बदलणं हाच इलाज, पॉवर सप्लाय बिचारा निर्दोष.

घाणीचा चेहरा ओळखायला शिका. दर साठ-सत्तर किलोहर्ट्झला एक खुंटी, कंगव्याच्या दातांसारखी, आणि उपकरण तापत जाईल तशी हळूहळू सरकणारी: हा स्विचिंग चार्जर. जागची न हलणारी बारीक सरळ रेघ बहुतेकदा डोंगलच्याच आतल्या घड्याळाची असते, २८.८ मेगाहर्ट्झवर तर हमखास. तिच्यासाठी सप्लाय बदलून काही होत नाही. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची सेकंदाला शंभर वेळा होणारी चरचर कानालाच कळते. नॉब फिरवून पंखा पूर्ण वेगावर न्या, कमी होते का बघा.

साधा लिनिअर सप्लाय, पण नागपूरच्या उन्हाळ्याचा हिशेब धरून

चार्जर दोषी ठरला तर जुन्या पद्धतीचा, जड लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा सप्लाय बनवा. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) सुट्या भागांच्या दुकानात ०-९ व्होल्ट, १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ४००७ नंबरचे चार डायोड, २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ७८०५ (पाच व्होल्टचा रेग्युलेटर) मागितलं की दुकानदार पुढचा प्रश्नही विचारत नाही.

नऊच व्होल्ट का? ७८०५ ला पाच व्होल्ट द्यायला आत किमान सात लागतात. सहाचा ट्रान्सफॉर्मर घेतलात तर डायोडांची कपात जाऊन साताच्या आसपासच उरतात आणि कपॅसिटरवरच्या चढउतारात तेही टिकत नाहीत. उन्हाळ्यात संध्याकाळी कूलर लागले की आमच्याकडे २३० ची लाइन १९० वर येते. नवाचा ट्रान्सफॉर्मर तेव्हाही निभावतो.

मग बाराचा का नको? इथे आमच्या लॅबमधल्या एका मुलाची गोष्ट. त्याने डिसेंबरात १२ व्होल्टच्या जुन्या ॲडॅप्टरवर ७८०५ लावला, हीटसिंकशिवाय, म्हणजे उष्णता काढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्याशिवाय. थंडीत कसाबसा चालला. एप्रिलमध्ये दुपारी दर दहा मिनिटांनी डोंगल बंद पडू लागला आणि पोराने दोन डोंगल बदलले. हिशेब साधा आहे: (१२ - ५) गुणिले ०.३ म्हणजे २.१ वॅट. उघड्या ७८०५ चं तापमान वॅटला साधारण ६५ अंशांनी चढतं, म्हणजे १३६ अंश. त्यात आपले मेमधले ४५ मिळवा. १८१. दीडशेच्या आसपास तो स्वतःला वाचवायला बंद होतो, थंड झाला की परत चालू होतो. नवाच्या ट्रान्सफॉर्मरवरही पावणेदोन वॅट जातातच, तेव्हा ॲल्युमिनिअमची हीटसिंक लावाच, आणि मध्ये थर्मल पेस्ट.

७८०५ च्या इनपुटच्या पायाशी ०.३३ आणि आउटपुटच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, अगदी पायांना चिकटून. दोन इंच लांब ठेवले तर रेग्युलेटर स्वतःच थरथरू लागतो आणि नॉइज घालवायला आणलेलाच नॉइज करतो. ट्रान्सफॉर्मरच्या २३० च्या बाजूला पाव अँपिअरचा फ्यूज, धातूच्या डबीला अर्थिंग. ही बाजू हाताळायची सवय नसेल तर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बसवा.

हे पाच व्होल्ट डोंगलला द्यायचे कसे? स्वतंत्र ॲडॅप्टरवर चालणारा यूएसबी हब घ्या आणि त्याचा ॲडॅप्टर काढून हा सप्लाय जोडा. एक अट: हबने ते पाच व्होल्ट उलटे लॅपटॉपमध्ये ढकलता कामा नयेत. हब लॅपटॉपला न जोडता चालू करा आणि लॅपटॉपकडे जाणाऱ्या प्लगवर मीटर लावा. पाच व्होल्ट दिसले तर त्या केबलची लाल तार कापा. काळी आणि डेटाच्या दोन तशाच ठेवा. आणि नॉइज मारायला थेट लॅपटॉपच्या पोर्टवर हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकू नका. यूएसबीच्या नियमात तिथे १० मायक्रोफॅरडचीच मुभा आहे. जास्त टाकलात की जोडताक्षणी करंटचा लोंढा जातो आणि पोर्ट बंद.

सासऱ्यांचा रेडिओ आणि फक्त एकाच स्टेशनवरचा हम

सप्लाय तयार झाला तेव्हा मी तो आधी बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, जुन्या ट्रान्झिस्टरच्या शेजारी ठेवून बघितला. बाबा आकाशवाणी नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर ऐकत होते. म्हणाले, "सूनबाई, तुझ्या डबड्यानं भजनात भुंगा घुसवला." गंमत म्हणजे दोन स्टेशनांच्या मधल्या जागेत भुंगा अजिबात नव्हता.

हा लपलेला हम. गावातलं जबर स्टेशन घराच्या वायरिंगमध्येही शिरलेलं असतं. सप्लायच्या ब्रिजमधले, म्हणजे त्या चार जोडलेल्या डायोडांमधले, डायोड सेकंदाला शंभर वेळा उघडझाप करतात आणि स्टेशनच्या मूळ लहरीलाच (कॅरिअरलाच) शंभर हर्ट्झची किनार लावतात. कपॅसिटर कितीही मोठा करा, हा जात नाही. उपाय अगदी स्वस्तातला: चारही डायोडांवर प्रत्येकी ०.०१ मायक्रोफॅरडचा, १०० व्होल्टचा सिरॅमिक कपॅसिटर समांतर. लावले, बाबांनी कान लावून पाच मिनिटं तपासणी केली आणि "हं" म्हणाले. आमच्या घरात यापेक्षा मोठं प्रमाणपत्र नाही.

फेराइट

शिल्डवरून चालणाऱ्या घाणीला अडवायला फेराइट, म्हणजे केबलवर बसवायचं चुंबकीय पदार्थाचं कडं. एक क्लिप लावून "काही फरक पडला नाही" म्हणणारे रोज भेटतात. शॉर्टवेव्हवर एका क्लिपने फरक पडत नाहीच. अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो: एकाचे तीन वेढे केले की नऊपट. मोठी रिंग घेऊन पातळ यूएसबी केबलचे आठ-दहा वेढे द्या. १०० मेगाहर्ट्झच्या वर ऐकणार असाल तर दोन-तीनच, कारण तिथे वेढ्यांमधली कपॅसिटन्सच घाणीला पूल बांधून देते.

भंगारातल्या मॉनिटरच्या केबलवरचा गाठोडा कापून घ्या, तो कामाचा. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधली (स्विचिंग पॉवर सप्लायमधली) पिवळी-पांढरी रिंग मात्र घेऊ नका. ती लोखंडाच्या भुकटीची, वेगळ्या कामाची. त्याच एसएमपीएसच्या २३० येतात त्या बाजूची, दोन तारा गुंडाळलेली रिंग चालते. एसएमपीएस उघडण्याआधी काही तास सॉकेटमधून काढून ठेवा आणि मोठ्या कपॅसिटरवर मीटर लावून तो रिकामा झाला आहे ना ते बघा, त्यात ३०० व्होल्ट साठलेले असतात.

अर्थिंग

दोन पिनांच्या चार्जरवर चालणाऱ्या धातूच्या लॅपटॉपला कोपर लागलं की झिणझिण होते ना? तो चार्जरच्या आतल्या छोट्या कपॅसिटरमधून येणारा गळका करंट, आणि तीच घाणीची वाट. तीन पिनांचा चार्जर मिळत असेल तर तो वापरा. हम कमी होतो म्हणून अर्थची पिन काढून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. ज्या शहरात दर उन्हाळ्यात कूलरच्या करंटच्या बातम्या येतात तिथे हे करू नका.

पण पिन असून खाली अर्थिंग जिवंत हवं. आपली काळी माती मेमध्ये हातभर फाटते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि रोध चढतो. आमच्याकडे मार्चमध्ये निळी असलेली पातळी मे उजाडता पिवळी व्हायची, तेव्हा मी उगाच केबली बदलत बसले होते. आता सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की बाबा अर्धी बादली खड्ड्यात ओततात आणि मला गच्चीवर हाक मारून विचारतात, "निळं झालं का गं?"