कमी बजेटमध्ये सकस खायचंय? या चुका टाळा

सकस खाणं महागच असतं, असं मीही बरीच वर्षं धरून चालले होते. मग एका महिन्यात पैशांची फारच ओढाताण झाली. तेव्हा मी आठवडाभर एक उद्योग केला. स्वयंपाकघरातून कचऱ्यात जाणारी प्रत्येक खाण्याची गोष्ट आधी वजनकाट्यावर ठेवायची आणि वहीत टिपायची. काळपट पडलेला अर्धी जुडी पालक, बुरशी धरलेला पाव, आंबून गेलेलं दही, दोन दिवसांचा भात. जुडीचे पैसे पूर्ण मोजले होते आणि पोटात अर्धीच गेली होती, म्हणजे तो पालक मला दुप्पट भावानं पडला होता. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं 60 टक्के घराघरांतून. त्यातला माझा वाटा त्या वहीत लिहिलेला होता.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. ज्यांची मिळकतच पुरेशी नाही, त्यांचा प्रश्न काटकसरीनं सुटत नाही. 2024 मध्ये जगातल्या सुमारे 260 कोटी लोकांना सकस आहार परवडत नव्हता, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. त्यांना कुणी हिशेब शिकवायला जाऊ नये. ज्यांच्याकडे थोडे का होईना पैसे आहेत, पण ते नको तिथे झिरपतात, त्यांच्यासाठी पुढच्या चुका लिहिते आहे.

किलोच्या भावावर भुलणं

दुकानातला भाव आपण वाचतो, ताटातला काढत नाही. शेंगांसकट एक किलो मटार घरी आणून सोलले, तर दाणे साधारण 400 ग्रॅमच्या आसपास निघतात. म्हणजे दाण्यांचा खरा भाव शेंगांच्या अडीचपट. शेजारच्या फ्रीजरमधलं मटारचं पाकीट महाग म्हणून आपण हात मागे घेतो, पण त्यातला दाणा न् दाणा खाण्यात येतो. काढणीनंतर लवकर गोठवल्यामुळे त्यातली जीवनसत्त्वंही बऱ्यापैकी टिकतात. हंगामात ताजे मटार स्वस्त पडतात, हंगाम सरला की गणित उलटतं. दोन्ही भाव काढून बघा, मग ठरवा.

कोरड्या आणि शिजलेल्या पदार्थाची तुलना करतानाही अशीच गफलत होते. 100 ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात साधारण 20 ग्रॅम प्रथिनं असतात, शिजवलेल्या 100 ग्रॅममध्ये 9 च्या आसपास. प्रथिनं कुठेही गेलेली नसतात, हरभऱ्यानं पाणी पिऊन वजन वाढवलेलं असतं. डब्यातले शिजवलेले हरभरे आणि कोरडे हरभरे यांचे भाव शेजारी ठेवताना हे ध्यानात ठेवलं नाही, तर डबा उगाच स्वस्त वाटतो.

पाकिटावरच्या शब्दांचे पैसे मोजणं

'नैसर्गिक', 'फिटनेस', 'सुपरफूड'. या शब्दांनी पोषण वाढतंच असं नाही, किंमत मात्र बहुधा वाढते. पाकीट उलटं करा आणि मागचा तक्ता वाचा: प्रथिनं किती, साखर किती, मीठ किती. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं असतात, 100 ग्रॅम शेंगदाण्यांत 25. पाकिटातल्या पौष्टिक वड्यांशी ही तुलना एकदा कागदावर मांडली की पुढच्या वेळी हात आपोआप दुसऱ्या फळीकडे जातो.

आठवड्याची भाजी एकाच तऱ्हेची आणणं

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते आणि त्यात बटाटा धरत नाही. हा आकडा मनावर घेऊन माणूस पिशवीभर पालेभाजी आणतो आणि चौथ्या दिवशी तिचा लगदा होतो. त्यापेक्षा क्रम लावा. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत संपवायची, टोमॅटो आणि फुलकोबी आठवड्याच्या मध्यावर, कोबी-गाजर-भोपळा शेवटी. पालेभाजी ओली ठेवू नका, कोरड्या कापडात गुंडाळा. कांदे आणि बटाटे एकाच टोपलीत नकोत.

कडधान्यं शिजत नाहीत म्हणून त्यांचा नाद सोडणं

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तुटपुंज्या पैशांत कडधान्यांइतकं देणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही. कित्येक घरांतून ती हद्दपार होतात ती चवीमुळे नाही, तर 'तासभर गॅस जाळला तरी दाणा कच्चाच' या वैतागामुळे. माझंही तेच व्हायचं. तक्रार कोणती आहे ते बघा, तिचं कारण तिथेच सापडतं.

रात्रभर भिजवूनही दाणा टणक राहत असेल, तर बहुधा माल जुना आहे. जुना दाणा पाणी कमी शोषतो आणि बराच वेळ शिजवला तरी सहजी मऊ होत नाही. म्हणून मोठं पोतं स्वस्त दिसलं तरी दोन-तीन महिन्यांत संपेल एवढंच घ्या. माल ताजा असून दाणा शिजत नसेल, तर पाण्यात क्षार जास्त असू शकतात. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की दाणा मऊ पडतो. पण खरोखर चिमूटभरच, कारण सोड्यानं बी-1 जीवनसत्त्व नष्ट होतं. आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे टोमॅटो किंवा चिंच सुरुवातीलाच घालणं. आंबटपणामुळे दाण्याचं आवरण कडकच राहतं. आंबट शेवटी घाला. मीठ मात्र भिजवतानाच घातलं तरी काही बिघडत नाही.

पोट फुगतं ही दुसरी तक्रार. भिजवलेलं पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात शिजवा आणि सुरुवातीला वाटी-अर्धी वाटीच खा. आठवड्याभरात पोटाला सवय होऊ लागते.

राजम्याच्या बाबतीत मात्र गॅस वाचवायला जाऊ नका. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचा घटक असतो, त्यानं उलट्या-जुलाब होतात. मंद आचेवर तासन् तास ठेवून तो जात नाही. भिजवलेला राजमा नव्या पाण्यात निदान 10 मिनिटं खळखळून उकळायला हवा, 30 मिनिटं उकळला तर आणखी निर्धास्त. त्यानंतर मऊ होईपर्यंत शिजवा.

उरलेलं अन्न ओट्यावर विसरणं

शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. भाताला तर विशेष जपा. भातातले काही जिवाणू शिजवल्यावरही बीजरूपानं तग धरतात, बाहेर राहिलेल्या भातात वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम करून जात नाही. पसरट भांड्यात काढा, म्हणजे लवकर निवतो.

कात्री आपल्याच ताटाला लावणं

पैसे कमी पडले की घरात कुणीतरी एक जण गुपचूप स्वतःचं अंडं, स्वतःची वाटी दुसऱ्याच्या पानात सरकवतो. 'मला फारशी भूक नाही' हे वाक्य मी माझ्या घरात इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. जगात 15 ते 49 वयाच्या साधारण 30 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. एकच जण महिनोन् महिने कमी खात राहिला, तर वाचलेले पैसे पुढे औषधपाण्यात जातात.

कात्री लावायचीच असेल, तर आधी शीतपेयं, मग बिस्किटं आणि तळलेली पाकिटं, मग फळांचा डबाबंद रस. डाळ, अंडी, दूध यांना शेवटपर्यंत हात लावू नका. डाळ-पालेभाजीतलं लोह अंगी लागावं म्हणून त्याच जेवणात लिंबू पिळा आणि चहा जेवणाला लागून न घेता तासाभरानं घ्या. आमच्याकडे आता भांडी मधोमध ठेवून 'घ्या ज्याला हवं तसं' असं होत नाही. सगळ्यांच्या वाट्या आधी ओळीनं मांडून सारख्या भरतो, वाढणाऱ्याची वाटी सगळ्यात पहिली.