ट्वायलाइट इम्पेरियम: दिवसभराचा डाव फसवणाऱ्या या चुका टाळा

‘ट्वायलाइट इम्पेरियम’ हा अवकाशातील साम्राज्यांचा पटावरचा खेळ खेळावा की नाही, असे विचारणाऱ्याला बहुधा खोक्यावर छापलेल्या 4 ते 8 तासांची धास्ती असते. या खेळाची पहिली आवृत्ती 1997 मध्ये निघाली आणि फँटसी फ्लाइट गेम्सने 2017 मध्ये आणलेल्या चौथ्या आवृत्तीत तो बराच सुटसुटीत झाला. तरीही त्याला जवळजवळ पूर्ण दिवस द्यावा लागतो. तो द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र एकदाच खेळून ज्यांनी खोके कायमचे माळ्यावर टाकले, त्यांच्या तक्रारी नीट ऐकल्या तर वेळेपेक्षा काही ठरावीक चुकाच त्यांत पुन्हा पुन्हा आढळतात, आणि त्या चुका बहुतांशी टाळता येण्याजोग्या आहेत.

लढाईचा खेळ समजून बसणे

पटावर प्लास्टिकची अवकाशयाने आहेत, फासे आहेत, नावातच साम्राज्य आहे, त्यामुळे नवा खेळाडू साहजिकच मोठा ताफा उभारायला लागतो. चार तासांनंतर त्याच्याकडे ड्रेडनॉट या जड युद्धनौकांची भक्कम फळी असते आणि गुण असतो जेमतेम एक. शेजारी मात्र फारशी लढाई न करता पाच गुणांवर पोहोचलेला असतो. अशा खेळाडूला खेळ अन्यायकारक वाटतो आणि उरलेले तास त्याला जड जातात.

मुळात ही 10 गुणांची शर्यत आहे. गुण मिळतात ते उद्दिष्टे पूर्ण केल्याबद्दल, आणि पहिल्या टप्प्यातील जाहीर उद्दिष्टे पाहिली तर त्यांत लढाई जवळजवळ नाहीच: 8 संसाधने खर्च करा, 5 ट्रेड गुड्स (व्यापारातून मिळणारा पैसा) खर्च करा, मूळ ग्रहमालेबाहेरचे 6 ग्रह ताब्यात ठेवा, युनिट (जहाज किंवा तुकडी) सुधारणारी 2 तंत्रज्ञाने मिळवा, असे त्यांचे स्वरूप असते. डाव सुरू होताना त्यांपैकी दोन उघडी असतात आणि पुढे दर फेरीच्या शेवटी एक नवे उघडते. त्या वेळी प्रत्येकाला एक जाहीर आणि एक गुप्त उद्दिष्ट एवढेच नोंदवता येते. म्हणजे ज्या फेरीत तुम्ही एकही जाहीर उद्दिष्ट नोंदवले नाही, ती संधी हातची गेली. पुढच्या फेरीत दोन नोंदवून ती भरून काढता येत नाही. म्हणून प्रत्येक फेरीच्या आरंभी ‘या फेरीअखेर मी कोणते उद्दिष्ट नोंदवणार?’ याचे उत्तर ठरवावे आणि तंत्रज्ञान, जहाजबांधणी, वाटाघाटी सगळे त्या उत्तरामागे लावावे. ताफा लागतोच, परंतु तो मिळवलेले राखण्यासाठी आणि शेजाऱ्याला विचार करायला लावण्यासाठी.

कमांड टोकन उधळणे

या खेळातील खरे चलन कमांड टोकन हे आहे, आणि नवख्यांचा सर्वाधिक घोळ इथेच होतो. सुरुवातीला आठ टोकन मिळतात: तीन हालचालींसाठी, तीन ताफ्याच्या मर्यादेसाठी आणि दोन इतरांच्या स्ट्रॅटेजी कार्डांचा (दर फेरीत खेळाडू निवडतात त्या खास कृतींच्या कार्डांचा) दुय्यम लाभ घेण्यासाठी. ज्या ग्रहमालेत काही करायचे तिच्यावर टोकन ठेवावे लागते आणि त्या फेरीत तिथली तुमची जहाजे मग बाहेर पडू शकत नाहीत. नियम एका ओळीचा आहे, पण त्याचे परिणाम दूरवर पोहोचतात.

खेळाडू ज्या गटांपैकी, म्हणजे साम्राज्यांपैकी, एक चालवतो त्यांतल्या फेडरेशन ऑफ सोलचे उदाहरण घेऊ. त्याच्याकडे आरंभी दोन कॅरियर (सैन्य वाहून नेणारी जहाजे), एक डिस्ट्रॉयर, तीन फायटर आणि पायदळाच्या पाच तुकड्या असतात. आधी आणखी सैन्य बांधावे आणि मग निघावे, अशा विचाराने खेळाडू पहिलेच टोकन आपल्या मूळ ग्रहमालेवर ठेवतो आणि बांधणी करतो. तेवढ्याने दोन्ही कॅरियर घरातच अडकतात. बाकीचे खेळाडू शेजारचे तीन-चार ग्रह घेत असताना सोलचा खेळाडू नुसता पाहत बसतो. हीच कामे उलट क्रमाने केली असती, म्हणजे आधी दोन्ही कॅरियर दोन दिशांना पाठवून बांधणी शेवटी केली असती, तर पहिल्याच फेरीत त्याची चांगली बैठक बसली असती. त्याहून बरे म्हणजे, दुसऱ्या कोणी वॉरफेअर कार्ड वापरले की त्याच्या दुय्यम लाभासाठी स्ट्रॅटेजीतले एक टोकन खर्च करावे. त्यात मूळ ग्रहमालेवर टोकन न ठेवता बांधणी होते. अनुभवी मंडळी पहिल्या फेरीत या कार्डाची वाट पाहतात ती यासाठीच.

फेरीअखेर साधारणपणे फक्त दोन नवी टोकन मिळतात. लीडरशिप हे स्ट्रॅटेजी कार्ड घेणाऱ्याला तीन मिळतात, शिवाय दर 3 इन्फ्लुअन्सला (ग्रहाचे राजकीय वजन, संसाधनांहून वेगळा आकडा) आणखी एक विकत घेता येते, आणि ही खरेदी त्या वेळी इतरांनाही करता येते. म्हणून ग्रह निवडताना केवळ संसाधनांच्या आकड्याकडे पाहू नये. इन्फ्लुअन्सचे ग्रह दुर्लक्षिणारा खेळाडू तिसऱ्या फेरीपर्यंत टोकनांना मोताद होतो, आणि मग इतरांच्या पाच-सहा कृती चालू असताना त्याला केवळ पास म्हणावे लागते. ‘माझी पाळीच येत नव्हती’ ही तक्रार पुष्कळदा इथे उगम पावते.

गप्प बसणे

काही खेळाडू दिवसभर आपल्या कोपऱ्यातच खेळतात. या खेळात ते परवडत नाही. प्रत्येक गटाला कमोडिटी (व्यापारी माल) मिळतात, पण स्वतःजवळ असेपर्यंत त्यांचा काहीच उपयोग नसतो. दुसऱ्याच्या हाती गेल्या की त्या ट्रेड गुड्स बनतात आणि खर्चता येतात. दोघा शेजाऱ्यांनी दोन-दोन कमोडिटींची नुसती अदलाबदल केली, तरी दोघांच्याही पदरात दोन ट्रेड गुड्स पडतात. ज्याने ही अदलाबदल केली नाही त्याने फुकटचे उत्पन्न सोडले. आपल्या पाळीत प्रत्येक शेजाऱ्याशी एक व्यवहार करता येतो, आणि अजेंडाच्या, म्हणजे प्रस्तावांवरील मतदानाच्या, टप्प्यात तर शेजारी नसलेल्यांशीही करता येतो.

वचनभंगाचा मुद्दा मात्र डाव मांडण्यापूर्वीच सर्वांसमोर स्पष्ट करायला हवा. जो करार तिथल्या तिथे पूर्ण होतो तो पाळणे बंधनकारक आहे; ‘पुढच्या फेरीत मी तुझ्यावर हल्ला करणार नाही’ यासारखे भविष्यातले आश्वासन मोडण्याची मुभा नियमच देतात. हे एकाला ठाऊक आणि दुसऱ्याला नाही, अशी स्थिती असेल तर पाचव्या तासाला पटावरचा रुसवा पटाबाहेर येतो. ज्यांना तोंडी आश्वासन पुरेसे वाटत नाही त्यांनी प्रॉमिसरी नोटा (एकमेकांना देता येणारी वचनपत्रे) वापराव्यात. ‘सपोर्ट फॉर द थ्रोन’ ही नोट मिळाली की घेणाऱ्याला 1 गुण मिळतो आणि देणाऱ्याची युनिट्स असलेली ग्रहमाला घेणाऱ्याने सक्रिय केली, म्हणजे तिच्यावर टोकन ठेवले, की तो गुण जातो, त्यामुळे शांतता राखण्यात त्याचाच स्वार्थ गुंतलेला राहतो.

मतदानाच्या बाबतीत एक छोटी पण महागात पडणारी गैरसमजूत आहे. मेकाटोल रेक्स या मधल्या ग्रहावरचे कस्टोडियन टोकन कोणी 6 इन्फ्लुअन्स देऊन हटवले की त्याला 1 गुण मिळतो आणि तिथून पुढे दर फेरीत दोन प्रस्तावांवर मतदान होते. पुढच्या फेरीसाठी ग्रह राखून ठेवावेत म्हणून नवखे खेळाडू मते देतच नाहीत. वास्तविक मतदानात वापरलेले ग्रह त्या टप्प्याच्या शेवटी पुन्हा वापरण्याजोगे होतात. मते राखून काहीच वाचत नाही. शिल्लक राहतील ती मते विकावीत तरी.

शेवटच्या फेरीचा हिशेब न करणे

माझ्या मते या खेळाचे सर्वांत उत्कट तास शेवटचे असतात, आणि त्यांचा आनंद घेण्यासाठी गुण नोंदवण्याचा क्रम माहीत हवा. फेरीअखेर सगळे एकाच वेळी गुण घेत नाहीत. हातातल्या स्ट्रॅटेजी कार्डाच्या क्रमांकानुसार घेतात, आणि जो आधी दहाला पोहोचतो तो तिथेच जिंकतो. समजा, एकाकडे 9 गुण आणि क्रमांक 1 चे लीडरशिप कार्ड आहे. फेरीअखेर तोच पहिला, त्यामुळे तो निश्चिंत आहे. दुसऱ्याकडे 8 गुण, मेकाटोल रेक्सचा ताबा आणि क्रमांक 8 चे इम्पीरियल कार्ड आहे. इम्पीरियलचा क्रमांक शेवटचा असला तरी ते कार्ड वापरताच, फेरी चालू असतानाच, त्याला एक जाहीर उद्दिष्ट नोंदवता येते आणि मेकाटोलबद्दल आणखी 1 गुण मिळतो. अट पूर्ण होत असेल तर फेरीअखेर येण्याआधीच डाव संपतो. कार्डे निवडली जात असताना हे कोणाच्याच ध्यानात आले नाही, तर शेवट अचानक आणि अर्थहीन वाटतो. ध्यानात आले, तर उरलेले सर्व जण ते कार्ड काढून घेण्यासाठी किंवा मेकाटोलवर चाल करण्यासाठी एकत्र येतात आणि त्या अर्ध्या तासात साऱ्या दिवसाचे चीज होते.

याच सुमारास घर उघडे टाकण्याची चूकही घडते. मूळ ग्रहमालेतील एखादा ग्रह जरी दुसऱ्याच्या ताब्यात असला, तरी जाहीर उद्दिष्ट नोंदवता येत नाही. आघाडीवरच्या खेळाडूने सारा ताफा मेकाटोलकडे नेला आणि मागे दोन तुकड्या ठेवल्या, तर शेवटच्या खेळाडूचे एक कॅरियरही त्याचा विजय अडवू शकते.

मांडणीतील चुका

इथे थोडक्यात सांगतो. नियम खेळाच्या दिवशी सकाळी समजावून सांगण्यात दीड तास घालवू नये. प्रत्येकाने आधी वाचून किंवा पाहून यावे आणि निदान एकाने बारीक नियमांची पुस्तिका हाताशी ठेवावी. पहिल्या डावाला मी चार जण पसंत करतो, कारण प्रत्येकाला दोन स्ट्रॅटेजी कार्डे मिळतात आणि पाळी लवकर येते. मूळ खोक्यातील 17 गटांतून चिठ्ठ्या टाकून निवड करणे धोक्याचे आहे: नेक्रो व्हायरसला मतदान करता येत नाही आणि नेहमीच्या मार्गाने संशोधनही करता येत नाही, तर आर्बोरेकच्या स्पेस डॉकमधून (बांधणीच्या तळातून) पायदळ निघत नाही. अपवादांवर उभे असलेले असे गट नवख्याच्या हाती देऊ नयेत. 2020 मध्ये आलेली ‘प्रॉफेसी ऑफ किंग्ज’ ही पुरवणी उत्तम आहे, परंतु तिचे सात नवे गट, नेते आणि मेक (यांत्रिक योद्धे) दुसऱ्या-तिसऱ्या डावापर्यंत खोक्यातच असू द्यावेत.

सायंकाळी सातला थांबू आणि ज्याचे गुण जास्त तो विजयी, असे ठरवणेही चुकीचे आहे. दुसऱ्या टप्प्यातील उद्दिष्टे 2 गुणांची असतात आणि ती उशिरा उघडतात, त्यामुळे त्यांच्यासाठी तयारी करणारा खेळाडू मध्येच डाव थांबल्यास नाहक मागे पडतो. वेळ खरोखरच मर्यादित असेल तर ‘एक्लिप्स: सेकंड डॉन’ घ्यावा. तोही अवकाशातील साम्राज्यांचाच खेळ आहे, पण आठ फेऱ्यांत हमखास संपतो. त्यात लढाई आणि जहाजांची रचना यांना अधिक वाव आहे, वाटाघाटींना बराच कमी.

ज्यांना वाटाघाटींचा मनापासून कंटाळा आहे, किंवा ज्यांच्या गटातील निम्मे लोक केवळ आग्रहाखातर बसणार आहेत, त्यांनी ट्वायलाइट इम्पेरियम घेऊ नये, कारण वरची एकही चूक न करता खेळले तरी त्यांचा दिवस रटाळच जाईल. मात्र आपणहून येणारे चार जण मिळत असतील, तर पहिल्या डावाच्या शेवटीच दुसऱ्याची तारीख ठरवून टाकावी. नियमांची झटापट पहिल्या डावात संपते आणि चौघेही खऱ्या अर्थाने एकमेकांशी खेळू लागतात ते दुसऱ्या डावापासून.