लॅटिनचे पहिले हजार शब्द कसे पाठ करावेत

लॅटिन शिकायला सुरुवात करणारा बहुतेकदा शब्दार्थांची यादी घेऊन बसतो: रेक्स म्हणजे राजा, इतेर म्हणजे प्रवास, फेरो म्हणजे मी वाहून नेतो. यादी तोंडपाठ होते. मग पहिलाच उतारा उघडावा, तर त्यात रेगेम, इतिनेरे आणि तुलित भेटतात. तिन्ही त्याच यादीतल्या शब्दांची रूपं, पण ओळखू एकही येत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून शब्द पाठ करायचा तो कोशात देतात तसा, सगळ्या भागांसकट.

नामाच्या तीन गोष्टी लागतात: प्रथमा एकवचन, षष्ठी एकवचन आणि लिंग. रेक्स, रेगिस, पुल्लिंग. षष्ठीतला शेवटचा ‘इस’ काढला की ‘रेग’ हे अंग हाती येतं आणि बाकीचे प्रत्यय त्यालाच लागतात. शब्द कसा चालवायचा तेही षष्ठीच सांगते. दोमिनुस (मालक), मनुस (हात) आणि कोर्पुस (शरीर) हे तिन्ही शब्द दिसायला एकाच साच्यातले. षष्ठी मात्र अनुक्रमे दोमिनी, मनूस, कोर्पोरिस. म्हणजे चालवायच्या तीन वेगळ्या तऱ्हा आणि लिंगंही तीन: पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. शेवटी ‘उस’ दिसला की पुल्लिंग असं धरून चाललात तर चूक पुढच्या विशेषणात उमटते. चांगला मालक ‘दोमिनुस बोनुस’, पण चांगला हात ‘मनुस बोना’ आणि चांगलं शरीर ‘कोर्पुस बोनुम’.

क्रियापदाची चार रूपं पाठ करायची: अमो, अमारे, अमावी, अमातुम. मी प्रेम करतो, प्रेम करणे, मी प्रेम केलं. आणि चौथं रूप असं, की त्याच्यावरून संस्कृतच्या क.भू.धा.वि.सारखं (कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित विशेषणासारखं) विशेषण तयार होतं. अमोच्या गटातली बहुतेक क्रियापदं याच चालीवर जातात, त्यामुळे तिथे कष्ट नाहीत. खरी मेहनत रेगो, रेगेरे, रेक्सी, रेक्तुम (राज्य करणे) अशांवर, आणि सगळ्यात जास्त फेरो, फेर्रे, तुली, लातुम यावर. कोश क्रियापद पहिल्या रूपाखाली देतो. चारही रूपं माहीत नसतील तर ‘तुलित’चा अर्थ फेरोखाली शोधायचा हे सुचणारच नाही.

नामाआधी येणाऱ्या अव्ययांसोबत विभक्ती लिहा. ‘इन’ला द्वितीया जोडली तर ‘आत जाणे’, अब्लेटिव्ह जोडली तर ‘आत असणे’. अब्लेटिव्हला पंचमी म्हणण्याचा मोह टाळा. ती तृतीयेचं, पंचमीचं आणि बरंचसं सप्तमीचंही काम एकटीच करते.

उच्चाराची पद्धत आधीच ठरवून टाका. अभिजात पद्धतीत सी हे अक्षर कायम ‘क’, तर चर्चच्या पद्धतीत ए-इपूर्वी ‘च’. कोणतीही चालेल, पण सरमिसळ केली तर एकच शब्द डोक्यात दोन ठिकाणी जाऊन बसतो. ऱ्हस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष करू नका: मलुम म्हणजे वाईट गोष्ट, मालुम म्हणजे सफरचंद, लिबेर म्हणजे पुस्तक, लीबेर म्हणजे मुक्त. हे फरक देवनागरीत छान दिसतात. मात्र ए आणि ओ यांचं ऱ्हस्व-दीर्घ देवनागरीत दाखवता येत नाही, आणि ‘वेनित’ मधला ए ऱ्हस्व असेल तर ‘तो येतो’, दीर्घ असेल तर ‘तो आला’. म्हणून देवनागरी उच्चार पहिले एक-दोन आठवडेच लिहा. पुढे रोमन लिपी वापरा, दीर्घ स्वरावर आडवी रेघ देऊन.

शब्द निवडताना रंग, प्राणी, फळं यांच्या याद्या बाजूला ठेवा. डिकिन्सन कॉलेजने वारंवारतेनुसार केलेली सुमारे हजार शब्दांची यादी इंटरनेटवर फुकट मिळते, ती घ्या. त्यातही आधी एत (आणि), सेद (पण), नोन (नाही), सी (जर), नम (कारण), यम (आता, आधीच) असले चिल्लर शब्द उरका. ते दिसतात क्षुल्लक, पण प्रत्येक ओळीत भेटतात. संस्कृतची ओळख असेल तर मातेर, फ्रातेर, इग्निस, नोवुस, सेप्तेम यांचा अर्थ सांगावा लागत नाही. लिंग आणि षष्ठी तेवढी पाहा. तरी अर्थ एकदा तपासून घ्या. ‘विर’ हा आपल्या वीराचा भाऊबंद खरा, पण लॅटिनमध्ये तो साधा ‘पुरुष’ किंवा ‘नवरा’ आहे.

आठवड्यातले पाच दिवस रोज आठ नवे शब्द, उरलेले दोन दिवस नुसती उजळणी. या गतीने हजार शब्दांना 25 आठवडे लागतात. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड करा: पुढच्या बाजूला फक्त पहिलं रूप, मागे बाकीचे भाग आणि जास्तीत जास्त दोन अर्थ. कोशात ‘पेतो’खाली शोधणे, मागणे, रोख धरणे, हल्ला करणे असं बरंच काही सापडेल, ते सगळं कार्डावर उतरवलं तर एकही नीट बसत नाही. भाग मोठ्याने म्हणा, आणि षष्ठी चुकली तर अर्थ बरोबर असला तरी कार्ड चुकलं असंच धरा. उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी. अँकी हे कार्डांचं अ‍ॅप वापरत असाल तर उजळणीचं वेळापत्रक ते स्वतःच ठरवतं. नव्या कार्डांची मर्यादा तेवढी आठवर आणा.

दिसायला सारखे शब्द एका आठवड्यात घेऊ नका. औदेओ (धाडस करणे) आणि औदिओ (ऐकणे), यकेओ (पडून असणे) आणि यकिओ (फेकणे) या जोड्या एकदम शिकल्या की पुढे कित्येक महिने एकमेकींच्या जागी आठवत राहतात. एक पक्का झाल्यावरच दुसरा घ्या.

साधारण तीनशे शब्द झाले की सोपे उतारे सुरू करा. तिथे हमखास अडवतो तो ‘क्वे’. हा ‘आणि’ दुसऱ्या शब्दाच्या शेपटीला चिकटतो, संस्कृतच्या ‘च’सारखा नंतर येतो: ‘सेनातुस पोपुलुस्क्वे’ म्हणजे सिनेट आणि जनता. शब्द कोशात सापडेना तर आधी शेवटचा ‘क्वे’ काढून पाहा. आणि लागोपाठ चार वेळा चुकलेलं कार्ड तसंच फिरवत बसू नका; गठ्ठ्यातून काढा, तो शब्द आलेलं उताऱ्यातलं वाक्य त्यावर लिहा आणि आठवड्याने परत घाला.