टिपण संदर्भाच्या पोटातच ठेवा : झोटेरो वापरणाऱ्यांसाठी

पीएचडी करणारे बहुतेक जण झोटेरो हे संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर घेतात ते शेवटी संदर्भसूची आपोआप तयार व्हावी म्हणून. पण मग पीडीएफ डाउनलोड्समध्ये, टिपणं वर्डमध्ये आणि दफ्तरखान्यात काढलेले फोटो मोबाइलमध्ये, असा तीन ठिकाणी संसार पसरतो. चौथं प्रकरण लिहिताना एका अवतरणाचं पान शोधण्यात अख्खी दुपार जाते. माझा विषय मुंबईचे गिरणीकामगार, काळ १८८० ते १९२०. त्यात सरकारी इंग्रजी अहवाल, जुनी मराठी वर्तमानपत्रं, हस्तलिखित अर्ज असं सगळं येतं. या पसाऱ्यातून बसलेली पद्धत सांगते.

आधी नोंद, मग फाइल. नव्या लेखाची पीडीएफ झोटेरोत ओढून टाकली की लेखक, वर्ष वगैरे तो बऱ्याचदा स्वतःच शोधून भरतो. १८९० च्या फॅक्टरी कमिशनच्या अहवालाचं स्कॅन टाकलं तर असं काही होत नाही, ती फाइल तशीच सुटी पडून राहते. तिच्यावर राइट क्लिक करून ‘क्रिएट पेरेंट आयटम’ (म्हणजे फाइलची मूळ नोंद) घ्या आणि तपशील हाताने भरा. कंटाळा करू नका, कारण सुट्या पीडीएफखाली टिपण लावता येत नाही.

फाइल जोडताना दोन पर्याय दिसतात : ‘स्टोअर्ड कॉपी’ आणि ‘लिंक’. पहिल्यात झोटेरो स्वतःकडे प्रत ठेवतो, दुसऱ्यात फक्त पत्ता. मी डोळे झाकून पहिला घेते. लिंक केलेली फाइल सिंक होत नाही, म्हणजे तुमच्या दुसऱ्या संगणकावर आपोआप पोचत नाही, अनेकांच्या सामायिक ग्रुप लायब्ररीत चालत नाही, आणि फोल्डरचं नाव बदललं की सापडत नाही. स्टोअर्ड कॉपीची अडचण एकच, जागा. फाइल सिंकसाठी फुकट मिळते ३०० एमबी. संदर्भ आणि साधी मजकुराची टिपणं त्यात धरली जात नाहीत, पण मोबाइलचा एकेक फोटो तीन-चार एमबीचा असला तर शंभरीच्या आतच कोटा संपतो. म्हणून एका अर्जाचे सगळे फोटो लहान करून, जोडून एकच पीडीएफ बनवा. नोंदीत ‘आर्काइव्ह’ आणि ‘लोकेशन इन आर्काइव्ह’ या रकान्यांत दफ्तराचं नाव, खंड आणि पान त्याच दिवशी भरा.

आता टिपणं, म्हणजे खरं काम. पीडीएफ झोटेरोतच उघडा आणि हव्या ओळी रंगवा. मी पिवळा अवतरणासाठी, लाल शंकेसाठी ठेवलाय. मग मूळ नोंदीवर राइट क्लिक करून ‘अ‍ॅड नोट फ्रॉम अ‍ॅनोटेशन्स’. रंगवलेला सगळा मजकूर पानाच्या क्रमांकासह टिपणात येतो आणि प्रत्येक अवतरणावरून पुन्हा त्याच पानावर जाता येतं. फक्त तो पानाचा क्रमांक तपासा. जुन्या स्कॅनमध्ये मुखपृष्ठ आणि प्रस्तावनेची पानं पुढे असतात, त्यामुळे पीडीएफचं ३७ वं पान छापील २१ वं असू शकतं. अ‍ॅनोटेशनवरच्या, म्हणजे रंगवलेल्या ओळीच्या नोंदीवरच्या, क्रमांकावर राइट क्लिक करून तो दुरुस्त करता येतो आणि पुढच्या पानांनाही लावता येतो. टिपण तयार करण्याआधीच हे उरका.

मराठी साधनांची गोष्ट वेगळी. झोटेरोचा ‘एव्हरीथिंग’ शोध पीडीएफच्या आत शिरतो खरा, पण नुसत्या फोटोसारख्या स्कॅनमध्ये त्याला अक्षरं सापडत नाहीत. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधली पीडीएफ तर डोळ्यांना मराठी दिसते, आत मात्र रोमन कचरा असतो. ‘गिरणी’ शोधून काहीच हाती लागत नाही. त्यात १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचं लेखन : ‘काही’ शोधाल तर ‘कांहीं’ निसटतं. उपाय साधा आहे. टिपणाची पहिली ओळ युनिकोडमध्ये, आजच्या लेखनात, शोधशब्दांची : ‘आठवड्याची सुट्टी, स्त्री कामगार, ११ तास, १८९१ कायदा’. त्याखाली अवतरण, जसं छापलंय तसं, अनुस्वारांसकट. ज्या फायलीत शोध चालत नाही तिथे हे टिपणच तुमची सूची.

मनात आलेलं आणि कुठल्याच एका संदर्भाचं नसलेलं, म्हणजे प्रकरणाचा आराखडा, गाइडने विचारलेला प्रश्न, हे सुट्या टिपणात ठेवा आणि संबंधित नोंदी ‘रिलेटेड’मध्ये जोडा.

गाइडना रंगवलेली पीडीएफ पाठवताना झोटेरो फायली ठेवतो त्या स्टोरेज फोल्डरमधून फाइल उचलून मेलला जोडू नका. रंग आणि शेरे पीडीएफमध्ये नसतात, झोटेरोच्या डेटाबेसमध्ये असतात. गाइडना कोरी फाइल मिळेल. झोटेरोच्या रीडरमध्ये पीडीएफ उघडी ठेवून फाइल मेन्यूतून ‘सेव्ह अ‍ॅज’ करा, मग शेरे सोबत जातात.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. झोटेरो बंद करून त्याचा अख्खा फोल्डर, म्हणजे झोटेरो डॉट एसक्यूलाइट ही फाइल आणि स्टोरेज फोल्डर दोन्ही, बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा. आतल्या आठ-आठ अक्षरांच्या विचित्र नावांच्या फोल्डरांना हात लावू नका. हा फोल्डर गुगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये हलवायचा मोहही टाळा, डेटाबेस खराब होतो.

आणि सफाई करताना ‘रिमूव्ह फ्रॉम कलेक्शन’ व ‘मूव्ह टू ट्रॅश’ नीट वाचून क्लिक करा. पहिल्याने नोंद फक्त त्या कप्प्यातून (कलेक्शनमधून) निघते, लायब्ररीत राहते. दुसऱ्याने ती पोटातल्या टिपणांसकट ट्रॅशमध्ये जाते, आणि सेटिंग बदललं नसेल तर ट्रॅश ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो.