एक तुकडा दिसलाच पाहिजे : क्ले टार्गेट नेमबाजीचे गुण कसे मोजावेत

नागपुरात नेमबाजी शिकणारी मुले बहुधा दहा मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तुलापासून सुरुवात करतात, त्यामुळे त्यांच्याबरोबर रेंजवर येणाऱ्या पालकांनाही दशांशातल्या गुणांची सवय होऊन जाते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत ४५१.४ गुणांवर कांस्यपदक मिळवले, त्यातला शेवटचा चार हा आकडाही यंत्राने मोजलेला होता. शॉटगनच्या मैदानावर मात्र असे यंत्र नाही आणि दशांशही नाही. तिथे हवेत सोडलेली तबकडी फुटली तर एक गुण, न फुटली तर शून्य, आणि ती फुटली की नाही हे माणसाच्या डोळ्यांनी ठरते. गुणपत्रक लिहायला बसणाऱ्या स्वयंसेवकाने आणि आपल्या मुलाचा स्कोअर मनात मोजणाऱ्या पालकाने ही गोष्ट आधी नीट समजून घ्यावी, कारण या खेळातले बहुतेक गैरसमज तिच्यातूनच निर्माण होतात.

नावात क्ले असले तरी ही तबकडी मातीची नसते. चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा चिकट पदार्थ यांपासून ती बनवतात. तिचा व्यास सुमारे ११० मिलिमीटर आणि वजन सुमारे १०५ ग्रॅम, म्हणजे आकाराने ती चहाच्या लहान बशीएवढी असते. अनेकदा तिला आपल्या संत्र्यासारखा केशरी रंग दिलेला असतो, तो आकाशात आणि झुडपांच्या पार्श्वभूमीवर चटकन उठून दिसावा म्हणून. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नियमाप्रमाणे सोडलेल्या आणि नियमाप्रमाणे गोळी झाडलेल्या तबकडीचा किमान एक तुकडा डोळ्यांना दिसेल असा निघाला, तर ती फुटली असे धरले जाते. तुकडा केवढा असावा याला बंधन नाही. नखाएवढी कपची उडाली तरी पूर्ण गुण मिळतो आणि संपूर्ण तबकडीचा धूर झाला तरी गुण एकच मिळतो.

खरी अडचण येते ती धुळीमुळे. शॉटगनच्या काडतुसातून एकाच वेळी सुटणारे बारीक छर्रे तबकडीच्या पृष्ठभागाला घासून गेले, की रंगाची किंवा भुकटीची एक पुसट रेषा हवेत उमटते आणि तबकडी आपली अखंड पुढे जाऊन झुडपांत पडते. प्रेक्षकांत बसलेल्यांना ती रेषा दिसते आणि टाळ्या पडतात, पण पंच मात्र शून्य देतात. हा अन्याय नाही. तुकडा निघाला नाही म्हणजे गुण नाही. नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत सरावाला बसणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. उन्हात तापलेली तबकडी किंचित मऊ पडते आणि तिचा ठिसूळपणा कमी होतो, म्हणून तबकड्यांची खोकी सावलीत ठेवण्याची काळजी आयोजकांनी घ्यावी. तबकडी खाली पडल्यावर ती उचलून आणून तिला छर्रा लागला आहे का, हे पाहण्याची नियमांत परवानगी नाही. काळ्या मातीच्या भेगांत छर्ऱ्याचे भोक पडलेली एखादी अखंड तबकडी सापडली, तरी तिच्यावरून गुण बदलत नाही.

आता प्रत्यक्ष गुणपत्रकाकडे वळू. ट्रॅप या प्रकारात एका फेरीत प्रत्येक नेमबाजाला २५ तबकड्या मिळतात आणि पात्रता फेरीत अशा पाच फेऱ्या, म्हणजे एकूण १२५ तबकड्या असतात. नेमबाजांच्या जागा पाच असतात. समोर १५ मीटरवर असलेल्या खंदकात तबकड्या फेकणारी १५ यंत्रे असतात, आणि फेरी संपेपर्यंत प्रत्येकाला दहा तबकड्या डावीकडे, दहा उजवीकडे आणि पाच सरळ जाणाऱ्या मिळतात. क्रम मात्र कोणालाच आधी कळत नाही. पात्रता फेरीत एका तबकडीवर दोन गोळ्या झाडता येतात. पहिली चुकली आणि दुसरीने तबकडी फुटली, तरी गुण पूर्ण एकच. काही प्रशिक्षक सरावाच्या वहीत दुसऱ्या गोळीने मिळालेल्या गुणाला वेगळी खूण करतात, ती उपयुक्त सवय आहे; स्पर्धेच्या बेरजेत त्या खुणेला काही अर्थ नसतो. फुटलेल्या तबकडीसाठी तिरकी रेघ किंवा फुली आणि चुकलेल्या तबकडीसाठी शून्य, एवढ्या दोनच खुणा पुरतात.

नवख्या गुणलेखकाची चूक हमखास होते ती ओळी चुकण्यात. एका तुकडीत सहा नेमबाज असतात, पण जागा पाचच असतात. सहावा पहिल्या जागेच्या मागे थांबतो आणि गोळी झाडून झाल्यावर प्रत्येक जण उजवीकडच्या जागेवर सरकतो. झाडण्याचा क्रम एक ते सहा असाच कायम राहतो, जागा तेवढ्या बदलत राहतात. माझ्याकडून एका सरावात नेमके हेच घडले होते. पहिल्या जागेवर उभ्या असलेल्या मुलीची तबकडी चुकली आणि मी शून्य पहिल्या ओळीत लिहून टाकले, प्रत्यक्षात ती सहावी नेमबाज होती. फेरी संपल्यावर मोठ्याने वाचन केले तेव्हा चूक उघड झाली आणि ती तिथेच दुरुस्त केली. पण तोवर एका मुलाचा चेहरा विनाकारण उतरला होता. त्यामुळे जागेचा आकडा पाहू नये, माणूस पाहावा, आणि त्याच्या ओळीवरच बोट ठेवून खूण करावी.

यंत्रातून तबकडी आधीच फुटलेली बाहेर आली, तर पंच ‘नो टार्गेट’ म्हणतात आणि त्याच नेमबाजाला पुन्हा तबकडी दिली जाते. तुटक्या तबकडीवर त्याने गोळी झाडली असली, तरी तो निकाल धरत नाहीत. अशा वेळी चौकट रिकामीच ठेवावी. घाईने काही लिहून मग खोडू नये, कारण खाडाखोड झालेले गुणपत्रक वादाला आमंत्रण देते. बंदूक किंवा काडतूस बिघडले तर नेमबाजाने बंदूक सुरक्षित दिशेला धरून, न उघडता, पंचांची वाट पाहावी. त्याने स्वतःच बंदूक उघडून पाहिली, तर पंचांना बिघाडाची खात्री करता येत नाही आणि गुण गमवावा लागू शकतो.

स्कीट या दुसऱ्या प्रकारातही एका फेरीत २५ तबकड्याच असतात, मात्र प्रत्येकीवर एकच गोळी झाडता येते. आठ जागांवरून, एका उंच आणि एका बुटक्या घरातून सुटणाऱ्या तबकड्या टिपायच्या असतात, आणि ठरलेल्या हद्दीपलीकडे फुटलेली तबकडी चुकलेलीच मानतात.

निर्णय पटला नाही तर नेमबाजाने पुढची गोळी झाडली जाण्याआधी लगेच हात वर करून हरकत नोंदवावी. पंच आपल्या साहाय्यकांशी बोलतात आणि निर्णय जाहीर करतात. तबकडी फुटली की चुकली, याबाबतीत तो निर्णय अंतिम असतो. पालकांनी दोरीबाहेरून आवाज देऊन काहीही साधत नाही, उलट पुढच्या नेमबाजाची एकाग्रता तेवढी मोडते.

सांघिक गुणांत वेगळे गणित नाही. तिघांच्या १२५-१२५ तबकड्यांची बेरीज करायची, म्हणजे कमाल ३७५. २०२३ साली हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष ट्रॅप संघाने ३६१ गुणांसह सुवर्णपदक जिंकले, म्हणजे तिघांनी मिळून केवळ १४ तबकड्या चुकवल्या. एका तबकडीची किंमत काय असते हे पाहायचे असेल, तर पॅरिसमधला मिश्र स्कीटचा कांस्यपदकाचा सामना आठवावा : अनंतजीत सिंग नरुका आणि महेश्वरी चौहान यांची जोडी चीनकडून ४४-४३ अशी हरली.

समान गुण झाले, की पदकाचा किंवा अंतिम फेरीतल्या जागेचा प्रश्न शूट-ऑफने, म्हणजे फरक पडेपर्यंत जादा तबकड्या टिपून, सुटतो. खालच्या क्रमांकांसाठी मागून मोजणी करतात. समजा, दोघांचे ११६ गुण आहेत. एकाच्या फेऱ्या २३, २४, २२, २३, २४ आणि दुसऱ्याच्या २४, २३, २२, २४, २३. शेवटच्या फेरीत पहिल्याचे २४ आहेत, म्हणून तो वर जातो. तीही फेरी समान असती तर चौथी पाहिली असती, मग तिसरी. पाचही फेऱ्या समान निघाल्या, तर शेवटच्या तबकडीपासून मागे येत पहिले शून्य ज्याच्या ओळीत सापडेल तो खाली जातो. गुणपत्रकातली प्रत्येक खूण तिच्या नेमक्या चौकटीतच असावी लागते, ती यासाठी. नुसती बेरीज बरोबर असून भागत नाही.

फेरी संपली की गुण मोठ्याने वाचून दाखवावेत आणि प्रत्येक नेमबाजाने स्वतःची ओळ पाहून मगच सही करावी. सही न करता निघून गेलेल्याला नंतर बेरजेतली चूक दाखवता येते, तबकडीबद्दलची हरकत घेता येत नाही.