लॉक नटची चावी बदलण्याआधीची तयारी

अलॉय चाके चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाला एक लॉक नट असतो. त्याच्या तोंडावर नक्षीदार खाचा असतात आणि पान्याला लावायच्या, त्याच नक्षीच्या चावीनेच तो निघतो. या लॉक नटची चावी तडकलेली दिसली, किंवा ती नटावर बसल्यासारखी वाटूनही पाना फिरवताच घसरू लागली, की ती चावी पुन्हा नटाला लावायची नाही. ‘एवढे एक चाक निघू दे, मग नवीन आणा’ असे पंक्चरवाला म्हणेल आणि आजूबाजूला जमलेले दोघेतिघेही त्याला दुजोरा देतील. त्यांचे ऐकू नये. चावी एकदा अर्धवट घसरली की नटाच्या तोंडावरच्या नक्षीदार खाचांच्या कडा खाऊन टाकते, आणि मग नवी कोरी चावी आणली तरी तिला धरायला त्या खाचांत काही उरलेले नसते.

त्यानंतरचे काम नव्या चावीच्या शोधाला लागण्याचे नाही. आधी चार साधे नट आणून डिकीत ठेवा, प्रत्येक चाकासाठी एक. गेल्या खेपेस माझ्याकडून नेमकी हीच गोष्ट राहून गेली. नवी चावी आली, लॉक नटही निघाले, पण त्यांतल्या दोघांच्या खाचा जुन्या चावीने आधीच खाल्लेल्या होत्या. त्या जागी बसवायला गॅरेजमध्ये योग्य मापाचे नट नव्हते आणि दुकाने बंद झाली होती, त्यामुळे तेच खराब नट पुन्हा आवळून गाडी घरी आणावी लागली. सगळा खटाटोप वाया गेला. म्हणून पुन्हा सांगतो, चावी मिळायला आठवडा लागो की महिना, साधे चार नट आजच घ्या.

‘साधे नट’ म्हणजे मात्र दुकानदार मूठभर काढून देईल ते नव्हेत. मारुती सुझुकीच्या बहुतेक गाड्यांचे स्टड, म्हणजे ज्यावर नट फिरवतात ते आट्यांचे दांडे, १२ मिलिमीटर जाडीचे आणि १.२५ पिचचे (दोन आट्यांमधले अंतर १.२५ मिलिमीटर) असतात, तर ह्युंदाई, होंडा आणि टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांचे जाडीला तेवढेच, पण १.५ पिचचे असतात. दोन्ही नट शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही, बोटांना कळतो. योग्य नट चिमटीत धरून स्टडवर शेवटपर्यंत सहज फिरत जातो, आणि चुकीचा नट दीडदोन फेरे जाऊन अडतो. अडलेला नट हवेच्या दाबावर चालणाऱ्या एअर गनने पुढे ढकलला की स्टडचे आटे गेलेच म्हणून समजा. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांत नटांऐवजी बोल्ट असतात, बहुधा १४ मिलिमीटर जाडीचे आणि १.५ पिचचे. तिथे बोल्टची लांबीही जुळली पाहिजे, कारण आखूड बोल्टला पुरेसे आटे मिळत नाहीत आणि लांब बोल्ट आतल्या भागांना लागू शकतो.

आटे जुळले म्हणजे काम झाले असेही नाही. नट रिमला जिथे टेकतो ती बैठक कुठे शंकूसारखी उतरती, कुठे गोलाकार, तर कुठे वॉशरसह सपाट असते. शंकूच्या बैठकीत गोल तोंडाचा नट घातला तर तो पूर्ण पृष्ठभागावर न टेकता एका बारीक रेषेवरच टेकतो. हाताला घट्ट लागतो आणि रस्त्यावर सैल होतो. त्यामुळे त्याच चाकाचा एक साधा नट काढून नमुना म्हणून खिशात घेऊन दुकानात जा, आणि स्टेपनी लोखंडी रिमची असेल तर आणलेला नट तिच्या बैठकीतही बसतो का तेही पाहून घ्या. गाडीचे मॉडेल तोंडी सांगून नट आणू नका. नंतर बाहेरून अलॉय बसवलेले असतील तर कंपनीच्या मूळ नटांची बैठक त्या रिमला लागू पडेलच असे नाही.

आता चावीचा नंबर. तो बहुधा चावीच्या अंगावर ठोकलेला असतो, किंवा संचासोबत आलेल्या लहान कार्डावर छापलेला असतो. चावी घासलेटने पुसा, उन्हात तिरपी धरा, आणि दिसेल तो आकडा-अक्षर लिहून घेऊन फोटोही काढा. तुटलेली चावी तुकड्यांसकट जपून ठेवा, कुणालाही देऊन टाकू नका. नंबर मुळीच वाचता येत नसेल तर नटाचे तोंड ब्रशने स्वच्छ करून अगदी समोरून फोटो घ्या. आमच्या बेळगाव भागात खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात गाडी फिरली असेल तर त्या खाचांत तांबडी माती अशी घट्ट बसलेली असते की निम्मी नक्षी दिसतच नाही, आणि चावी पूर्ण आत न जाण्याचे कारणही पुष्कळदा तीच असते. ती टोकदार तारेने उकरून काढा. चारही चाकांचे फोटो घ्या, एकाचाच नको. विशेषतः गाडी सेकंडहँड घेतली असेल, बेळगावची केए-२२ असो वा कोल्हापूरची एमएच-०९, तर आधीच्या मालकाने एखादा नट दुसऱ्या संचातला बसवलेला असू शकतो.

नंबर हातात असेल तर कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये किंवा अलॉय जिथून घेतले त्या दुकानात मागणी नोंदवा. चासी नंबरवरून चावी निघेलच असे धरून चालू नका. काही कंपन्यांच्या वर्कशॉपमध्ये नमुन्याच्या चाव्यांचा संच असतो, तो लावून पाहता येतो. तेव्हा जाण्याआधी फोनवर विचारून घ्या, उगाच हुबळी-कोल्हापूरची फेरी नको. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर चावी करून घेण्याचा सल्लाही मिळेल. तिथल्या कारागिरांच्या हाताबद्दल मला आदरच आहे, पण ही चावी कठीण केलेल्या पोलादाची लागते आणि नक्षीत किंचितही ढिलाई चालत नाही. मऊ लोखंडाची नक्कल पहिल्याच जोरात वळेल आणि जाता जाता नटही खराब करेल.

चावी हाती पडली की काउंटर सोडण्याआधी ती चारही नटांवर हाताने बसवून पाहा. ती तळापर्यंत गेली पाहिजे आणि डुगडुगता कामा नये. आणि डिकीत साधे नट आहेत ना? नसतील तर गॅरेजची वेळ ठरवूच नका.

कामाच्या दिवशी गॅरेजवाल्याला आधीच, स्पष्ट शब्दांत सांगा की लॉक नटाला एअर गन लावायची नाही. काढतानाही नाही आणि बसवतानाही नाही. बहुतेक चाव्या याच गनच्या हादऱ्यांनी तडकतात. नटावर गंज सोडवणारा स्प्रे मारून थोडा वेळ थांबा. गाडी जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला आणि बाकीचे नट आवळलेलेच असताना लॉक नट सर्वांत आधी सैल करा. एका हाताने चावी सरळ दाबून धरा, दुसऱ्या हाताने लांब दांड्याचा पाना झटका न देता हळूहळू ओढा. चावी तिरपी होताना दिसली की लगेच थांबा आणि पुन्हा बसवा.

एवढे करूनही नट निघाला नाही तर उलट्या आट्यांचा, नट काढण्यासाठीच बनवलेला सॉकेट ठोकून काढावा. त्यावर दुसरा नट वेल्ड करून काढण्याची पद्धत अगदी शेवटी, आणि तीही जाणत्या हातानेच. त्या उष्णतेने रिमचा रंग जातो आणि टायरलाही धोका असतो.

लॉक नट निघाला की तो परत बसवू नका, खाचा चांगल्या दिसत असल्या तरीही. आपल्याकडे पंक्चर चोर्ल्याच्या जंगलात होते किंवा ऊसगाड्यांच्या हंगामात निपाणी-चिकोडी रस्त्यावर रात्री होते. तिथे पंक्चरवाल्याकडे जो पाना असेल त्यानेच चाक निघाले पाहिजे. अलॉय चोरीला जाण्याची फार धास्ती असेल तर पूर्ण नवा संच घ्या, पण त्याचा नंबर त्याच दिवशी लिहून ठेवा आणि साधे चार नट तरीही डिकीत असू द्या.

बाकीचे थोडक्यात. नट आधी बोटांनी फिरवा, मग समोरासमोरच्या क्रमाने आवळा, आणि शेवटी टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापापर्यंत न्या. लहान गाड्यांत ते साधारण ८५ ते १२० न्यूटन मीटर असते. आट्यांना ग्रीस लावू नका. ५० ते १०० किलोमीटर गाडी चालली की सगळे नट पुन्हा एकदा रेंचने तपासून घ्या.