मधल्या फळीतल्या पैलवानाचा हिशेब

महाराष्ट्र केसरीची गदा वर्षाला एखाद-दुसऱ्याच्याच खांद्यावर येते. मी बाकीच्या शेकडो पैलवानांतला. चौदा वर्षं कोल्हापुरात तालमीत राहिलो आणि जत्रांची मैदानं करून खुराकाचा खर्च काढला. तालमीत येऊ पाहणाऱ्या पोरांना आणि त्यांना सोडायला येणाऱ्या वडिलांना माझ्यासारख्याचा हिशेब कुणी सांगत नाही, म्हणून लिहितोय.

सुरुवातीला डाव शिकायला मिळतील ही आशा ठेवू नका. पहाटे चारला उठायचं, फावड्यानं हौद, म्हणजे कुस्तीच्या मातीचा आखाडा, उकरायचा, मग जोर, बैठका, सपाट्या. माती हळद, ताक, लिंबू, तेल घालून मऊ ठेवलेली असते, ती रोज खालीवर करण्यातच खांदे भरतात. वस्ताद बघत असतात की पोरगं टिकतंय का. नंतर एकेरी पट, ढाक, कलाजंग, घिस्सा सगळे डाव येतात, पण मैदानात दोनच डाव हुकमी लागतात, तेवढे झोपेतसुद्धा बसले पाहिजेत. माझा पट आणि घिस्सा. त्यावरच मी जगलो.

खुराकाचं गणित घरी बसून मांडा. दूध, तूप, थंडाईचे बदाम, अंडी, मटण हे रोजचं आहे आणि ते वर्षानुवर्षं चालतं. आमच्या घरची एक म्हैस माझ्याच नावावर आहे असं आई म्हणायची, तरी पैसे कमी पडायचे.

ते पैसे जत्रांतून येतात. दिवाळी झाली की हंगाम सुरू होतो, तो वळवाचा पाऊस पडेपर्यंत. लहान पोरं रेवड्यांच्या खाऊवर लढतात, मोठ्यांच्या कुस्त्या कमिटी आधी नेमते आणि पोस्टरवर नाव, इनाम छापते. नाव नसेल तर लांग (लंगोट) लावून मैदानात फेरी मारायची, जोड म्हणजे बरोबरीचा पैलवान मिळाला तर लढायचं. जिंकल्यावर फेटा बांधून फिरताना लोक हातावर शंभर-दोनशे ठेवतात, कधी ती रक्कम इनामापेक्षा जास्त होते. बरोबरीत सुटली तर बऱ्याच गावांत इनाम निम्मा-निम्मा. आणि इथूनच नुरा कुस्ती, म्हणजे निकाल आधीच ठरवून लढलेली कुस्ती, सुरू होते.

मी एकदा नुरा लढलो. गुडघा दुखत होता, समोरच्यालाही पुढच्या आठवड्यात मोठं मैदान होतं, बरोबरीत सोडवायची असं आधीच ठरवलं. दोन मिनिटांत पब्लिकनं ओळखलं. हलगीवाल्याचा हात सैल पडला, तो आवाज अजून कानात आहे. पुढच्या वर्षी त्या गावच्या पोस्टरवर माझं नाव नव्हतं, शेजारच्या दोन गावांतही नव्हतं. मधल्या पैलवानाकडे गदा नसते, नावावरच त्याला बोलावणं येतं. कितीही गरज असली तरी होकार देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मी जत्रेतल्या निकाली, म्हणजे चितपट करून जिंकलेल्या, कुस्त्या पुष्कळ मारल्या, पण पोलीस भरतीच्या वेळी त्यांतली एकही कागदावर दाखवता आली नाही. सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, ते मिळतं अधिकृत स्पर्धेतल्या पदकावर, आणि ते प्रमाणपत्रही क्रीडा खात्याकडून आधी तपासून घ्यावं लागतं. कोणत्या पदाला कोणत्या पातळीचं पदक चालतं हे शासन निर्णयात असतं, तो मिसरूड फुटायच्या आत वाचा. मी तिशीला टेकल्यावर वाचला.

पदक हवं तर मॅट, म्हणजे गादीवरची कुस्ती हवी. जत्रेच्या मातीत सहसा गुण नसतात, समोरच्याला दमवून वाट बघता येते. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, आणि फ्रीस्टाईलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते. मातीतला पैलवान श्वास जमवेपर्यंत हरलेला असतो. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांनाही मॅटची सवय नव्हती, तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्य घेतलं. ते ऑलिंपिकवीरसुद्धा १९५५ ला पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले, म्हणजे चरितार्थाची सोय त्यांनाही बघावी लागली. तेव्हा आठवड्यातले तीन दिवस मॅट ठेवा, वजनगट लवकर ठरवा, आणि जत्रा फक्त खुराकापुरत्या करा.

गुडघ्याची सूज मळून बसवू नका, डॉक्टरला दाखवा. मी एक हंगाम पट्टी बांधून लढलो आणि पुढचे दोन गमावले. ताकदीची इंजेक्शनं तालमीच्या दारापर्यंत येतात, देणाऱ्याला तिथूनच परत पाठवा. आणि कुस्ती सुटेल त्या महिन्यातच तूप, बदाम कमी करा. मेहनत थांबून खुराक चालू राहिल्यानं शुगर, बीपी मागे लागलेले माझे जोडीदार आहेत.

पहिल्या दिवशी येताना दोन लंगोट आणा, मारुतीला नारळ आणि हार आणा. वडिलांनी कॉलेजच्या प्रवेशाची पावतीही सोबत आणावी आणि ती वस्तादांना दाखवावी.